सरकार पडलं, बिल कोणाच्या नावावर?



९ जुलै २०२२ रोजी कोलंबोत हजारो माणसं राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरली. कोणी तिथल्या तरणतलावात डुंबलं, कोणी पलंगावर लोळलं, कोणी लेकराबाळांना घेऊन दालनं पाहत फिरलं. ही दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. खरं सांगायचं तर पाहताना आपल्याला बरंही वाटलं. गॅस नाही, रॉकेल नाही, औषधं नाहीत म्हणून रस्त्यावर आलेल्या माणसांनी ज्यांच्यामुळे ही वेळ आली त्यांना जाब विचारला होता. १४ जुलैला गोटाबाया राजपक्षे यांनी परदेशातून राजीनामा पाठवला. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशात आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नेपाळमध्येही सरकारं रस्त्यावरच्या माणसांमुळे गेली.

सरकार पडल्यावर कॅमेरे निघून जातात. आपल्यासारख्या गटांचं काम मात्र तिथून पुढेच सुरू होतं. देश कर्जात बुडाला, सत्ताधारी पळाले, हे सगळं झाल्यावर ते कर्ज फेडलं कोणी? कोणाच्या ताटातून, कोणाच्या पगारातून, कोणाच्या झोपेतून? श्रीलंकेच्या उदाहरणावरून हा हिशेब मांडून पाहावा असं आम्हाला वाटलं, कारण तो हिशेब आपल्याला अनोळखी नाही.

आधी संकट आलं कसं ते थोडक्यात पाहू. २०१९ च्या शेवटी सत्तेवर आल्याबरोबर राजपक्षे सरकारनं करांमध्ये मोठी कपात केली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी झालेल्या बॉम्बस्फोटांनी आणि पाठोपाठ कोविडनं पर्यटन बसलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोणतीही तयारी न करता रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली गेली. काही महिन्यांनी ती मागे घेतली, तोवर भाताचं आणि चहाचं पीक हातचं गेलं होतं. डॉलर संपत आले आणि १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारनं परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा परदेशी कर्ज होतं सुमारे ५,१०० कोटी डॉलर.

हे सगळं वर्तमानपत्रांत आलं. फारसं आलं नाही ते असं, की जे डॉलर संपले ते कमावत कोण होतं. श्रीलंकेला परकीय चलन मिळवून देणाऱ्या मोठ्या वाटा तीन : तयार कपड्यांची निर्यात, चहा, आणि परदेशात काम करणाऱ्यांनी घरी पाठवलेले पैसे. कटुनायकेचं मुक्त व्यापार क्षेत्र १९७८ साली सुरू झालं, तेव्हापासून तिथल्या शिलाई यंत्रांवर बसतात त्या बहुतांश खेड्यांतून आलेल्या तरुण मुली. चहाच्या मळ्यांत पानं खुडतात त्या तमिळ बाया. त्यांच्या आज्या-पणज्या ब्रिटिशांनी दक्षिण भारतातून नेल्या आणि १९४८ साली स्वतंत्र देशानं त्यांच्या समाजाचं नागरिकत्वच काढून घेतलं. आखाती देशांत धुणीभांडी आणि मुलं सांभाळण्याचं काम करायला पिढ्यान् पिढ्या गेल्या त्याही बायाच. म्हणजे देशाच्या तिजोरीत भर घालणारे हात बायांचे, आणि त्या तिजोरीतून किती कर्ज काढायचं, कोणत्या बंदरावर आणि कोणत्या विमानतळावर उधळायचं, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांच्यापैकी कोणी नाही.

तिजोरी रिकामी झाल्यावरही पहिली झळ त्यांनाच बसली. २०२२ च्या मार्चअखेर दिवसाला तेरा तेरा तास वीज जात होती. गॅस सिलिंडरसाठी रात्रभर रांगा लागत. शहरातल्या छोट्या घरांमध्ये चूल पेटवायला ना जागा होती ना सरपण. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. दुधाची पावडर मिळेना. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई वाढण्याचा दर ७० टक्क्यांच्या आसपास होता आणि खाण्याच्या वस्तूंचा ९० टक्क्यांच्याही वर. या आकड्यांचा घरातला अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आधी मासळी बंद होते, मग डाळ पातळ होते, मग सर्वांना वाढून उरलं तर ती जेवते. अर्थशास्त्रज्ञ ज्याला ‘मागणीतील घट’ म्हणतात, ती घट कोणाच्या पोटात होते हे त्यांच्या तक्त्यात कधी दिसत नाही. रांगेत उभं राहण्याचे तास, सरपण गोळा करण्याचे तास, आजाऱ्याला दवाखान्यात औषध नाही म्हणून घरीच उशाशी बसण्याचे तास, यांपैकी काहीही राष्ट्रीय उत्पन्नात धरलं जात नाही. पण संकटाच्या काळात देश तगतो तो याच तासांवर.

म्हणूनच एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. श्रीलंकेतलं आंदोलन २०२२ मध्ये अचानक उगवलं नाही. बाया त्याच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावर होत्या. त्याला कोणी ‘राजकीय अस्थिरता’ म्हणत नव्हतं, इतकंच.

पोलोन्नारुवा जिल्ह्यातल्या हिंगुराक्गोडा इथं मार्च २०२१ मध्ये मायक्रोफायनान्सच्या कर्जात बुडालेल्या बायांनी सत्याग्रह सुरू केला आणि तो अनेक आठवडे चालवला. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, वसुली एजंट दारात येऊन बसणार, हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायांकडून अपमान. ही कर्जं रद्द करा आणि या कंपन्यांना कायद्याच्या चौकटीत आणा, अशी त्यांची मागणी होती. आपल्याकडे बचत गटांची चळवळ रुजली, तिच्या पाठोपाठ अशाच कंपन्या गावोगाव शिरल्या, त्यामुळे आपल्या अनेक वाचक मैत्रिणींना हे वर्णन स्वतःच्या गल्लीतलं वाटेल. देश दिवाळखोर होण्याच्या वर्षभर आधी या बाया सांगत होत्या की घरं दिवाळखोर झाली आहेत. कोणी ऐकलं नाही.

उत्तरेत किलिनोच्ची, वावुनिया, मुल्लैतिवू इथं तमिळ आया २०१७ च्या फेब्रुवारीपासून रस्त्याच्या कडेला मांडव टाकून बसल्या. युद्ध २००९ च्या मे महिन्यात संपलं. त्यात आणि त्यानंतर सैन्याच्या ताब्यात दिलेली आमची मुलं कुठे आहेत, एवढंच त्या विचारत होत्या. वर्षांमागून वर्षं गेली, उत्तर न मिळता कित्येकजणी मरण पावल्या. दक्षिणेतल्या सिंहली बहुसंख्यांना हा आपला प्रश्न वाटत नव्हता. उलट, ज्या राजपक्षे कुटुंबानं युद्ध जिंकून दिलं म्हणून त्यांनी भरभरून मतं दिली, त्याच कुटुंबाच्या हाती त्यांनी बिनहिशेबी तिजोरीही दिली. शेजारणीवर होणाऱ्या अन्यायाकडे पाठ फिरवून दिलेली अमर्याद सत्ता उद्या आपल्याच चुलीपर्यंत येते, हा धडा कोलंबोला फार महागात शिकावा लागला.

तो शिकल्याची एक खूण मात्र दिसली. ९ एप्रिल २०२२ पासून गॉल फेसच्या समुद्रकाठच्या मैदानात आंदोलकांनी तंबूंचं एक गावच वसवलं. तिथं सामुदायिक स्वयंपाकघर होतं, वाचनालय होतं, दवाखाना होता. १८ मे रोजी, युद्धाच्या शेवटी मुळ्ळिवाय्क्काल इथं मारल्या गेलेल्या तमिळांचं स्मरण त्या मैदानात जाहीरपणे केलं गेलं. वेढ्यात अडकलेली माणसं शेवटच्या दिवसांत ज्या तांदळाच्या पेजेवर जगली, तीच पेज तिथं वाटली गेली. त्याआधी उत्तरेत अशा स्मरणावर पोलिसांचा पहारा असे. कोलंबोच्या मध्यावर सिंहली तरुणांनी ती पेज ओंजळीत घ्यावी, ही घटना आम्हाला तरणतलावापेक्षा मोलाची वाटते. अशा एका दिवसानं जुन्या जखमा भरत नाहीत आणि उत्तरेतल्या आयांनी तसं म्हटलेलंही नाही. पण भूक एकत्र आणते तेव्हा दुसऱ्याच्या भुकेचा इतिहास विचारण्याची एक संधी मिळते, ती त्या दिवशी घेतली गेली.

आता त्या बिलाकडे वळू.

२० जुलै २०२२ रोजी संसदेनं रानिल विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. ते निवडून आले तेही राजपक्षे यांच्याच पक्षाच्या मतांवर. दोन दिवसांनी, २२ जुलैच्या पहाटे, सैन्यानं गॉल फेसचे तंबू उखडले. विद्यार्थी नेत्यांना दहशतवाद प्रतिबंधक कायद्याखाली डांबण्यात आलं. १९७९ चा हा कायदा तोवर प्रामुख्यानं तमिळांवर आणि नंतर मुसलमानांवर वापरला जात होता. २० मार्च २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं सुमारे ३०० कोटी डॉलरच्या कर्जाला मंजुरी दिली. या मदतीच्या अटी काय होत्या? आपण नव्वदच्या दशकात ज्या शब्दांशी झगडायला शिकलो तेच शब्द : काटकसर, अनुदानकपात, ‘खऱ्या गरजूंना’ मदत.

विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी ६६ टक्क्यांनी वाढवले गेले. पुढे ते काही वेळा खाली आणले गेले, पण तोवर बिल थकलेल्या कितीतरी घरांची वीज तोडून झाली होती. मूल्यवर्धित कर टप्प्याटप्प्यानं वाढत जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्क्यांवर गेला आणि स्वयंपाकाचा गॅसही त्या कराच्या जाळ्यात आला. हा कर श्रीमंताला आणि मोलकरणीला सारखाच लागतो. श्रीमंतांना २०१९ साली मिळालेली सवलत अशा रीतीनं गरिबांच्या गॅसमधून वसूल झाली.

सगळ्यात बोचरी गोष्ट भविष्य निर्वाह निधीची. २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची फेररचना करताना सरकारनं बँकांना सूट दिली आणि भार टाकला तो कामगारांच्या निवृत्तीच्या निधीवर. त्या निधीला कमी व्याजाचे नवे रोखे घ्यायला लावले. याच निधीच्या रक्षणासाठी २०११ च्या मे महिन्यात कटुनायकेच्या हजारो कामगार, त्यात बहुतांश तरुण मुली, रस्त्यावर आल्या होत्या. तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि एका तरुण कामगाराचा जीव गेला. त्या लढ्यानं सरकारला पेन्शनचं विधेयक मागे घ्यावं लागलं. बारा वर्षांनी तीच पुंजी मागच्या दारानं हलकी करण्यात आली. डोळे अधू होईपर्यंत शिवलेल्या कपड्यांची ती बचत होती.

गरिबांसाठी ‘अस्वेसुम’ नावाची नवी योजना २०२३ मध्ये आली. घरात काय आहे, काय नाही याची गुणांकनं करून कोण किती गरीब ते ठरवायचं आणि तेवढ्यालाच पैसे द्यायचे. याद्या लागल्या आणि तक्रारींचा पाऊस पडला. हेही आपल्याला नवीन नाही. १९९१ साली आपल्या देशानं सोनं गहाण टाकलं, त्यानंतर सुधारणा आल्या आणि १९९७ मध्ये सर्वांसाठीचं रेशन ‘लक्ष्याधारित’ झालं. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळं, केशरी, पांढरं अशी तीन रंगांची कार्डं झाली. एकाच चाळीतल्या दोन मोलकरणी, एकीचं कार्ड पिवळं आणि दुसरीचं केशरी, यांना एका मोर्च्यात आणणं किती अवघड झालं ते रेशनच्या प्रश्नावर काम करणाऱ्या मैत्रिणींना विचारा. अशा याद्यांमधून खर्च वाचतो, आणि त्याबरोबर गरिबांची एकजूटही मोडते.

मग रस्त्यावर उतरून मिळालं काय, असं कोणी विचारील. हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक ते, ज्यांना मुळातच आंदोलन म्हणजे अराजक वाटतं. त्यांना एवढंच सांगायचं, की करकपात, खतबंदी आणि कर्जाचे निर्णय बंद खोल्यांमध्ये पूर्ण शांततेत झाले होते; देश त्या शांततेनं बुडवला. दुसरी आपलीच थकलेली माणसं. त्यांना सांगायचं ते हे, की श्रीलंकेच्या माणसांनी तिथं थांबायचं नाकारलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जुन्या घराण्यांना बाजूला सारून अनुरा कुमार दिसानायके यांना निवडलं. अध्यापन आणि चळवळीतून आलेल्या हरिणी अमरसूर्य पंतप्रधान झाल्या. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. मळ्यांतल्या तमिळ समाजातल्या स्त्रिया पहिल्यांदाच संसदेत पोचल्या. २०२२ शिवाय २०२४ घडलं नसतं.

तरीही हुरळून जाऊ नये. १९३१ पासून स्त्रियांना मताधिकार असलेल्या आणि १९६० साली जगातली पहिली स्त्री पंतप्रधान देणाऱ्या या देशात, एवढ्या उलथापालथीनंतरही संसदेतल्या स्त्रियांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहिलं. आणि नव्या सरकारलाही नाणेनिधीचा करार पुढे चालवावा लागला, कारण सही आधीच झाली होती. सहीच्या वेळी ज्या खोलीत नव्हत्या, त्यांच्या वाट्याला नंतर फक्त अंमलबजावणी येते.

बांगलादेशात हेच आणखी उघडपणे दिसलं. १४ जुलै २०२४ च्या रात्री ढाका विद्यापीठाच्या मुली वसतिगृहांतून बाहेर पडल्या आणि आंदोलनाचा रंग पालटला. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. अंतरिम सरकारनं सुधारणांसाठी आयोग नेमले, त्यात स्त्रियांच्या प्रश्नांचाही एक होता. पण सगळ्या पक्षांशी बोलून एकमत घडवायचा राष्ट्रीय आयोग बनला तो सहा आयोगांच्या प्रमुखांचा, आणि स्त्रियांचा आयोग त्या सहांत नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये स्त्रियांच्या आयोगानं अहवाल दिला, तर ३ मे रोजी हेफाजत-ए-इस्लामनं ढाक्यात प्रचंड सभा भरवून तो आयोगच रद्द करा अशी मागणी केली. लाठ्या खाताना ज्या मुली पुढच्या रांगेत होत्या, त्यांना वाटाघाटीच्या वेळी मागची रांगही मिळाली नाही.

आपल्या स्वतःच्या इतिहासाकडेही याच नजरेनं पाहायला हवं. १९७२ च्या दुष्काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्या एकत्र आल्या. लाटणं आणि थाळी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं त्यांनी घरातूनच थाळ्या वाजवल्या. साखर, तेल, रॉकेल हे राजकारणाचे विषय आहेत हे त्यांनी सरकारला मान्य करायला लावलं. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि यांतल्या काही नेत्या तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेवर निवडून आल्या. ही परंपरा आपली आहे, तिचा अभिमान आहे. पण लाटणं रस्त्यावर आलं तरी संध्याकाळी ते त्याच हातांत परत गेलं. स्वयंपाकघर कोणाचं, हा प्रश्न त्या मोर्च्यांनी विचारला नव्हता. तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी नव्या स्त्री-गटांनी विचारला. दोन्ही प्रश्न एकत्र विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते : तेल महाग का, आणि महाग झालेल्या तेलात घर भागवायचं काम एकटीचं का.

यातून आपल्या गटांसाठी काही कामं निघतात. ती संकट येण्याआधी करायची आहेत.

पहिलं काम हिशेबाचं. वस्तीतल्या दहा-वीस घरांचा रेशन, गॅस, वीज, औषधं आणि हप्ते यांचा खर्च दर तीन महिन्यांनी लिहून काढा. सोबत रांगेत आणि पाण्यासाठी गेलेले तासही लिहा. वाटाघाटीच्या टेबलावर आपल्याकडे आपले आकडे असले पाहिजेत.

दुसरं, संयुक्त आंदोलनात उतरताना सुरुवातीलाच विचारायचं : शिष्टमंडळात बाया किती? निवेदनाच्या मसुद्यात आपल्या मागण्या कुठे? ‘आधी मुख्य प्रश्न सुटू दे, मग तुमचं पाहू’ हे उत्तर आपण गिरणी संपापासून ऐकत आलो आहोत. मोर्च्याच्या ठिकाणी शौचालय, पाळणाघर आणि छेडछाडीची तक्रार घेणारी समिती असणं हा त्याचाच भाग आहे.

तिसरं, जिच्यावर आधी वरवंटा फिरतो तिच्या बाजूनं आधी उभं राहायचं. दलित, आदिवासी, मुस्लिम, भटक्या वस्तीतल्या बाईवर वापरला गेलेला कायदा उद्या आपल्या थाळीनादावरही वापरला जाईल. महाराष्ट्र विधिमंडळानं जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हा अनेक जनसंघटनांनी हीच भीती व्यक्त केली होती. रस्त्यावर येण्याचा हक्क गेला तर बाकीच्या मागण्या कुठे मांडणार?

आणि शेवटचं : सरकार पडेल तेव्हा आनंद जरूर साजरा करा. दुसऱ्या दिवशी मात्र बैठक बोलवा आणि त्यात एकच विषय ठेवा, बिल कोण भरणार.

तुमच्या गटात यावर काय बोलणं झालं, तुमच्या वस्तीचा हिशेब काय निघाला, ते आम्हाला लिहून कळवा. येत्या अंकात ते छापायला आम्ही उत्सुक आहोत.

– संपादक मंडळ